साखर मोजली, तोल कोण मोजणार?

१४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. या दिवसाच्या निमित्ताने गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांतून मोफत तपासणी शिबिरे भरतात. मांडवात खुर्च्या मांडलेल्या असतात, बोटाला सुई टोचली जाते, पट्टीवर रक्ताचा थेंब पडतो आणि काही सेकंदांत यंत्रावर आकडा झळकतो. आकडा आटोक्यात असला की सत्तरीतल्या आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. ते खुर्चीवरून उठतात, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, शेजारच्याचा खांदा धरून सावरतात आणि पाय जपून टाकत घराची वाट धरतात. त्या अर्ध्या मिनिटात त्यांच्या शरीराने जे सांगितले, ते टिपून घेणारे टेबल मात्र शिबिरात नसते.

वार्धक्य आणि मधुमेह एकत्र आले की शरीराच्या दोन क्षमता हळूहळू उणावतात. पहिली प्रतिसादाच्या वेगाची आणि दुसरी तोल सांभाळण्याची. दोन्हींचा ऱ्हास इतका संथ असतो की तो ना रुग्णाच्या लक्षात येतो, ना घरच्यांच्या. एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि ‘वय झाले, चालायचेच’ अशा शब्दांत घटनेचा निकाल लावला जातो. वास्तविक हा ऱ्हास आधी ओळखता येतो, मोजता येतो आणि बऱ्याच अंशी रोखताही येतो. परंतु साखर मोजणारी यंत्रणा एका टोकाला आणि मोडलेले हाड जोडणारी यंत्रणा दुसऱ्या टोकाला असून मधला रस्ता मोकळाच आहे. ज्येष्ठांच्या आरोग्याविषयीच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा निसटतो.

दोन लाटा एकाच वेळी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही असल्याचा अंदाज होता. याखेरीज १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. राज्यनिहाय पाहता सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के इतके आढळले. दुसरीकडे, २०११ च्या जनगणनेतच देशातील साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली होती आणि त्यानंतर ती वाढतच आहे. या दोन लाटा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे पडणे आणि हाड मोडणे हा प्रश्न एखाद्या कुटुंबापुरता राहत नाही, तो सार्वजनिक आरोग्याचा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींमुळे ओढवणाऱ्या मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि बळींमध्ये साठीपुढील लोकांचे प्रमाण सर्वाधिक असते. रस्ता सुरक्षेसाठी सप्ताह साजरे होतात, फलक लागतात, दंड आकारले जातात. पडण्याविरुद्ध मात्र कोणतीही मोहीम नाही.

तीन साक्षीदार, तिघेही दुबळे

उभ्या माणसाचा तोल तीन साक्षीदारांच्या भरवशावर टिकतो. डोळे सभोवतालचे चित्र देतात. अंतर्कर्णातील यंत्रणा डोके कोणत्या दिशेला कलले आहे ते सांगते. तळपाय आणि सांधे जमिनीचा अंदाज देतात. मेंदू या तिघांच्या साक्षी पडताळतो आणि स्नायूंना हुकूम सोडतो. एखादा साक्षीदार कमकुवत झाला तरी उरलेले दोघे काम निभावून नेतात. तरुणपणी अंधारात जिना उतरता येतो तो त्यामुळेच.

वयोमानाने हे तिन्ही साक्षीदार थकतात. मधुमेह त्यांच्यावर आणखी भार टाकतो. दीर्घकाळ वाढलेली साखर दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडवते. अंतर्कर्णाच्या कार्यावरही तिचा परिणाम झाल्याचे आढळले आहे. सर्वांत मोठा घाव पडतो तो पायांच्या मज्जातंतूंवर. शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात आणि हानीची सुरुवातही तिथूनच होते. प्रथम बोटे, मग तळवा, मग घोटा असा बधिरपणा वर सरकतो. काहींच्या पायाला मुंग्या येतात, आग होते. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही आणि हे न जाणवणे हेच रोगाचे लक्षण असते.

या अवस्थेच्या खुणा घरोघरी दिसतात, फक्त त्यांचा अर्थ लावला जात नाही. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावले गेल्यावर ते कळते. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनपाशी झोक जातो. उभ्याने पायजमा घालताना भिंतीचा आधार लागतो. रात्री दिवा न लावता मोरीकडे जाताना पावले अडखळतात. या साऱ्या प्रसंगांत एक साक्षीदार, म्हणजे डोळे, बाजूला झालेला असतो किंवा आधाराचा पाया अरुंद झालेला असतो. तळपायांची साक्ष आधीच बंद पडलेली असल्याने तोल जातो.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

तोल गेला म्हणजे माणूस पडतोच असे नाही. ठेच लागल्यावर तरुण माणूस पुढचे पाऊल झटकन टाकतो आणि सावरतो. उभ्या स्थितीतून जमिनीवर आदळायला एक सेकंदही लागत नाही. तेवढ्या अवधीत धोका ओळखणे, कोणता पाय टाकायचा हे ठरणे आणि स्नायूंनी पुरेशा जोराने तो टाकणे, ही तिन्ही कामे उरकावी लागतात. प्रतिसादकाळ म्हणतात तो हा.

दिवा लागताच बटण दाबण्यासारख्या साध्या कृतीला तरुण माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. वयाबरोबर हा काळ वाढतो. दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा असेल तर तो अधिकच वाढतो. मधुमेहात मेंदूचा माहिती हाताळण्याचा वेग मंदावतो, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. मज्जातंतूंमधून संदेश सावकाश जातो हे खरे, पण तो विलंब सेकंदाच्या काही हजारांश भागांचा असतो. अधिक नुकसान अपुऱ्या साक्षीमुळे आणि दुबळ्या स्नायूंमुळे होते. मेंदूला खबर उशिरा व अर्धवट मिळते आणि हुकूम सुटल्यावर मांडीचे स्नायू तो वेळेत पार पाडू शकत नाहीत.

एकाच वेळी दोन कामे करावी लागली की ही उणीव उघडी पडते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये वृद्धांबाबत एक साधे निरीक्षण नोंदवले होते. चालता चालता कोणी बोलायला लागले की काही वृद्ध जागीच थांबत. अशा वृद्धांपैकी बहुतेक जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. मोबाइल वाजला म्हणून भररस्त्यात थबकणारे आजोबा वाहनचालकांच्या रोषाचे धनी होतात. प्रत्यक्षात त्यांच्या मेंदूला चालणे आणि ऐकणे यांपैकी एकाचीच निवड करावी लागत असते.

औषधाची दुसरी बाजू

पडण्याला साखर वाढणे जेवढे कारणीभूत असते, तेवढेच ती अतिरिक्त प्रमाणात उतरणेही असते. हा भाग सर्वसामान्यांच्या गावीही नसतो. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो. ५४ च्या खाली गेल्यावर विचारशक्ती आणि हालचालींतील सुसूत्रता यांवर परिणाम होतो. वृद्धांमध्ये घाम, धडधड या पूर्वसूचना पुसट होतात आणि थेट गोंधळलेपणा किंवा तोल जाणे हेच पहिले लक्षण ठरते. इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. त्यांतही ग्लिबेनक्लामाइडसारखी दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी वृद्धांना शक्यतो देऊ नये, असा तज्ज्ञांचा संकेत आहे.

अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. इन्सुलिन घेणाऱ्या ज्या वृद्धांची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी चाचणी, सहा टक्के किंवा त्याहून कमी होती, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण जास्त आढळले. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने प्रकृती ठणठणीत असलेल्या ज्येष्ठांसाठी सात ते साडेसात टक्क्यांच्या आत, तर अनेक व्याधींनी ग्रस्त असलेल्यांसाठी आठ टक्क्यांच्या आत असे सैल लक्ष्य सुचवले. चाळिशीतल्या रुग्णाला लावायची फूटपट्टी ऐंशीच्या रुग्णाला लावली तर कागदावरचा आकडा सुंदर दिसतो आणि माणूस जमिनीवर दिसतो.

रक्तदाबाचेही तसेच आहे. मधुमेहामुळे स्वायत्त मज्जासंस्थेला इजा पोहोचली असेल, तर उभे राहिल्यावर रक्तदाब सावरला जात नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष मानला जातो. हे कळण्यासाठी रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर असा दोनदा मोजावा लागतो. गर्दीच्या दवाखान्यात तो बसवूनच मोजला जातो. शिबिरातून उठलेल्या आजोबांच्या डोळ्यांपुढे आलेली अंधारी त्यामुळे नोंदीविनाच राहते.

आपल्याकडच्या दोन उणिवा

भारतीयांच्या बाबतीत आणखी दोन बाबी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली स्नायूंची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश सहकाऱ्यासह एक लक्षवेधी तुलना मांडली होती. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३, पण ब्रिटिश संशोधकाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी अधिक, अशी ही भारतीय ठेवण आहे. स्नायूंची शिल्लकच तुटपुंजी असेल, तर वार्धक्यात ती लवकर संपते. मधुमेही व्यक्तींमध्ये हाडांची घनता चांगली दिसूनही ती मोडण्याचा धोका जास्त असतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरी उणीव बी-१२ जीवनसत्त्वाची. शाकाहारी आहारात ते मुळातच कमी मिळते. मधुमेहावरील सर्वाधिक वापराचे औषध असलेल्या मेटफॉर्मिनच्या दीर्घ सेवनाने त्याचे शोषणही घटते. या कमतरतेमुळे होणारा पायांचा बधिरपणा मधुमेही बधिरपणासारखाच दिसतो. फरक एवढाच की बी-१२ ची उणीव एका रक्तचाचणीने कळते आणि वेळीच उपचार झाल्यास भरून काढता येते. ‘शुगरमुळे असेल’ असे म्हणून ती चाचणी टाळली जाते, तेव्हा बरे होऊ शकणारे दुखणे कायमचे होऊन बसते.

रस्ता कोणासाठी?

शरीर मंदावले, तरी शहर थांबत नाही. सिग्नलची वेळ ठरवताना पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो, हे गृहीत वर्षानुवर्षे चालत आले. अमेरिकेने २००९ मध्ये ते सुमारे १.०७ मीटरवर आणले. सेकंदाला ०.८ मीटरहून कमी वेग हे वृद्धांमधील स्नायूक्षयाचे गंभीर लक्षण मानले जाते. या वेगाने चालणाऱ्या आजींना १८ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला साडेबावीस सेकंद लागतात. जुन्या गृहीतानुसार त्यांना १५ सेकंद मिळतात. उरलेले साडेसात सेकंद त्या सुटलेल्या वाहनांसमोर असतात.

वाहनचालक ज्येष्ठ असेल तर हिशेब उलट बाजूने मांडावा लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर अंतर कापते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी सात मीटर पुढे गेलेली असते. त्यात तळपाय बधिर असेल, तर पेडलवर किती दाब पडला याचाही अंदाज चुकतो. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला, त्यांपैकी ३२ हजार ८२५ पादचारी होते.

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो आणि त्यासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. ही संधी उत्तम आहे. परंतु या तपासणीचा रोख मुख्यत्वे दृष्टी, श्रवण, फेफरे, अवयवांतील व्यंग अशा बाबींवर राहतो. प्रतिसादाचा वेग किंवा तळपायाची संवेदना तीत मोजली जात नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकाने गाडी काढण्यापूर्वी आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासणे अपेक्षित असते. सरसकट बंदीला मात्र तज्ज्ञांचा पाठिंबा नाही. मधुमेह आहे म्हणून परवाना काढून घेणे अन्यायाचे ठरेल आणि लोकांना आजार लपवायला लावेल. व्यक्तीगणिक तपासणी हाच मार्ग योग्य होय.

पदपथांची कथा वेगळी सांगायला नको. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले, जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा झाला. दिशा योग्य आहे. परंतु उखडलेले पेव्हर ब्लॉक, वर आलेली चेंबरची झाकणे आणि पदपथावर लावलेल्या दुचाकी हे शहरांचे नेहमीचे चित्र अद्याप पालटलेले नाही. धडधाकट माणसाला ती निव्वळ गैरसोय वाटते. ज्याच्या तळपायाला जमीन कळत नाही, त्याच्यासाठी तोच सापळा असतो.

हाडासाठी पैसा, पायासाठी नाही

शासनाने ज्येष्ठांकडे पाठ फिरवली आहे, असे म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर अशा साधनांसाठी तीन हजार रुपये देण्याचे ठरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख रुपयांचे कवच सत्तरीपुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुले झाले.

मात्र या तरतुदींचा क्रम पाहण्यासारखा आहे. आयुष्मानचे कवच रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. म्हणजे खुबा मोडल्यानंतर शासन तत्परतेने खर्च उचलणार. तो मोडू नये म्हणून पायांची तपासणी, औषधांचा फेरविचार आणि तोल सुधारणारे व्यायाम यांसाठी रुग्णाने पदरमोड करायची. मोफत प्रवासामुळे ज्येष्ठ घराबाहेर पडू लागले, हे स्वागतार्हच. पण गाडीची उंच पायरी आणि चालकाने अचानक दाबलेला ब्रेक यांचा विचार त्या सवलतीत नाही.

पाच मिनिटांचे काम

वास्तविक ही पोकळी भरून काढायला अवजड यंत्रे लागत नाहीत. ठरावीक दाब देणारा नायलॉनचा बारीक धागा तळपायाला टेकवून स्पर्शाची जाणीव तपासता येते. नादकाट्याने कंपनाची जाणीव कळते. रक्तदाब उभे करून एकदा अधिक मोजायचा. खुर्चीवरून हात न टेकता उठता येते का, हे पाहायचे. गेल्या वर्षभरात पडलात का, एवढा एक प्रश्न विचारायचा. एका पायावर दहा सेकंद उभे राहण्याची चाचणीही उद्बोधक आहे. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयोगटातील १,७०२ जणांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दर पाच जणांपैकी एकाला ती जमली नाही. न जमणाऱ्यांत मधुमेहींचे प्रमाण जमणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होते. पुढील सात वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यात मृत्यूचा धोकाही बराच अधिक आढळला. अर्थात, ही चाचणी घरी करताना शेजारी भक्कम आधार आणि दुसरी व्यक्ती हवीच.

उपायही आवाक्यातले आहेत. व्यायामामुळे ज्येष्ठांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष १०८ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेने २०१९ मध्ये काढला. त्यात तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या नित्याच्या हालचालींच्या व्यायामांचा वाटा मोठा आहे. नुसते फिरायला जाणे त्यासाठी पुरत नाही. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री मंद दिवा, गुळगुळीत झालेल्या स्लीपरऐवजी टाचेला पट्टा असलेली पादत्राणे आणि उठताना क्षणभर पलंगाच्या कडेवर बसण्याची सवय, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, सकाळचे हास्यक्लब आहेत. आरोग्य खात्याने एखादा प्रशिक्षित कार्यकर्ता महिन्यातून एकदा तिथे पाठवला, तरी हजारो पायांची तपासणी सहज होईल.

एका गोष्टीचे भान मात्र राखावे लागेल. पडण्याच्या भीतीने आई-वडिलांना घरात बसवून ठेवणे हा मुलांना सुचणारा सर्वांत सोपा उपाय असतो आणि तोच सर्वांत घातक ठरतो. न चालणाऱ्याचे स्नायू झपाट्याने झिजतात, भीती वाढते आणि पुढचे पडणे अधिक जवळ येते. ज्येष्ठांना हवे आहे ते निर्धोकपणे चालता येणे. घराचा उंबरठा त्यांच्यासाठी बंद करून ते साधणार नाही.

पुढच्या १४ नोव्हेंबरला पुन्हा मांडव पडतील, सुया टोचल्या जातील. त्या मांडवात एक टेबल वाढवायला फारसा खर्च येणार नाही. तिथे बसणाऱ्याने आजोबांना चप्पल काढायला सांगावे, तळपायाला धागा टेकवावा आणि उभे करून रक्तदाब पाहावा. साखरेच्या आकड्याशेजारी ही नोंद झाली, तर खुर्चीवरून उठताना आलेली ती अंधारी डॉक्टरांपर्यंत वेळेत पोहोचेल.